दवाखान्यातला रक्तदाब आणि घरचा रक्तदाब : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून आमच्या दवाखान्यात एक नवा नियम लागू केला असून त्याचा वर्षभराचा हिशेब या वहीत ठेवायचा आहे. ज्या रुग्णाचा रक्तदाब पहिल्यांदाच १४०/९० किंवा त्याहून जास्त भरेल, त्याला त्याच भेटीत गोळी लिहून द्यायची नाही. आधी तो दवाखान्याबाहेर, त्याच्या रोजच्या जागी मोजून घ्यायचा आणि मगच उच्च रक्तदाबाचे निदान करायचे. सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी चालणारा हा साधा बाह्यरुग्ण दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे येतात, बाकावर ताटकळत बसतात, नंबर आल्यावर आत येतात, दंडाला पट्टा बांधला जातो आणि त्या मिनिटाभरात जो आकडा येतो त्यावर पुढची कित्येक वर्षे ठरून जातात.

तपासणीच्या धास्तीने रक्तदाब वाढतो आणि घरी तो सामान्य असतो, या अवस्थेला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात. ती प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते, परंतु रांग मोठी असली की तिचा विचार मागे पडतो. खरी अडचण पुढे येते. गोळी एकदा सुरू झाली की महिन्याभराने घरी मोजलेला १२० चा आकडा गोळीमुळे आला की तो आधीपासूनच तेवढा होता, हे सांगण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. म्हणून शंका घेण्याची वेळ गोळीच्या आधीची आहे.

काही रुग्ण या नियमातून वगळले आहेत. ज्यांचा रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त आहे, ज्यांना छातीत दुखणे, धाप, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा हातापायातली ताकद जाणे अशी लक्षणे आहेत, ज्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, ज्यांची मूत्रपिंडे बिघडलेली आहेत, आणि गरोदर स्त्रिया. यांच्याबाबत आठवडाभर थांबण्यात धोका आहे. त्यांचा निर्णय त्याच दिवशी व्हायला हवा.

१३ जानेवारी

सुरुवात जुन्या केसपेपरांपासून केली. गेल्या काही वर्षांचे कागद चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली : जवळपास प्रत्येक आकडा शून्यावर संपतो. १४०/९०, १५०/९०, १६०/१००. पाऱ्याच्या यंत्रावर दर दोन मिलिमीटरला एक रेघ असते, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६ आणि ८ यांपैकी कोणताही सारख्याच वेळा यायला हवा आणि शून्य साधारण पाचातून एकदा. नोंद करताना जवळच्या दहापर्यंत नेण्याची ही सवय जगभर आढळते आणि तिच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. मात्र ज्या ठिकाणी १४० ही रोगाची सीमारेषा आहे, तेथे १३६ चे १४० होणे हा नुसता हातचलाखीचा प्रश्न राहत नाही. त्या चार मिलिमीटरमध्ये एक माणूस रोगी ठरतो.

यावरचा उपाय सोपा आहे. दंडावर बांधायचे, प्रमाणित केलेले डिजिटल यंत्र वापरायचे आणि ते दाखवील तो आकडा जसाच्या तसा लिहायचा. ज्यांची नाडी अनियमित आहे त्यांच्या बाबतीत अशी यंत्रे गडबडतात. तेथे स्टेथोस्कोप लावून हाताने मोजायचे आणि तीन वेळा मोजायचे.

२० जानेवारी

आज दुपारपर्यंत रुग्ण न तपासता कोपऱ्यात बसून केवळ रक्तदाब कसा मोजला जातो ते पाहिले. सहकारी डॉक्टरांनी ओपीडी सांभाळली.

पन्नाशीच्या एक काकू आत आल्या. टेबलाशेजारच्या उंच स्टुलावर त्या बसल्या. स्टुलाला पाठ नाही, पाय जमिनीपासून वितभर वर लोंबकळत होते. एका हातात पिशवी, दुसरा हात टेबलाच्या कडेवर ताणलेला. थंडी असल्यामुळे अंगात स्वेटर होता. तो कोपरावर सरकवल्यावर दंडाभोवती त्याचा घट्ट पिळा झाला आणि त्याच्या खाली, ब्लाउजच्या बाहीवरूनच, पट्टा बांधला गेला. पट्ट्यात हवा भरत असतानाच डॉक्टरांनी विचारले, “कधीपासून दुखतंय?” आणि काकू सविस्तर सांगू लागल्या. दारात उभ्या असलेल्या मुलाने विचारले, “किती आलं?” आकडा मोठ्याने सांगितला गेला. दुसऱ्यांदा मोजला तेव्हा तो आणखी वर होता.

यातली एकेक गोष्ट स्वतंत्रपणे आकडा वाढवते. पाठीला आधार नसणे, पाय अधांतरी किंवा एकावर एक असणे, बोलणे, लघवी तुंबलेली असणे, दंडाच्या मानाने पट्टा लहान असणे, हात हृदयाच्या पातळीखाली राहणे : प्रत्येकाचा वाटा काही मिलिमीटरपासून दहा-पंधरा मिलिमीटरपर्यंत असू शकतो. काकूंच्या बाबतीत यांतल्या बऱ्याच गोष्टी एकाच वेळी हजर होत्या आणि त्यांवर भीती होतीच. तेव्हा जे मोजले गेले त्यात भीती किती आणि स्टूल किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. व्हाइट कोट हायपरटेन्शनबद्दल बोलण्याआधी स्टूल हलवावे लागेल.

३ फेब्रुवारी

रक्तदाब मोजण्याची जागा तपासणीच्या खोलीतून बाहेर काढली. औषधांच्या कपाटामागे जी अरुंद जागा होती तेथे पाठीची आणि हातांची खुर्ची ठेवली, शेजारी हात हृदयाच्या पातळीला येईल अशा उंचीचे टेबल, पायांखाली लाकडी पाट आणि समोर जाड पडदा. पडद्याचा आग्रह सिस्टरांचा होता आणि तो अगदी बरोबर निघाला. घट्ट बाहीचा ब्लाउज असेल तर हात बाहेर काढून पदर घेऊन बसावे लागते. ते उघड्यावर शक्य नाही. उघड्या जागी दंड मोकळा करायला लागला की वयस्कर बायका संकोचाने आखडून बसतात आणि तो संकोचही आकड्यात उतरतो.

तीन मापांचे पट्टे आणले. टेपने दंडाचा घेर मोजायचा : साधारण २७ ते ३४ सेंटीमीटरला नेहमीचा पट्टा, त्याहून जास्त घेराला मोठा, कमी घेराला लहान. शेतात राबणाऱ्या कृश आजींना नेहमीचा पट्टा मोठा पडतो आणि त्यांचा आकडा खोटा कमी दिसू शकतो, हेही यात लक्षात आले.

पद्धत अशी ठरली : लघवीला जाऊन यायचे, पाच मिनिटे शांत बसायचे, अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिसरी काही नाही, मोजताना कोणीही बोलायचे नाही. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजायचे आणि पुढे नेहमी जास्त आकडा देणारा हात वापरायचा. मिनिटाच्या अंतराने तीन वेळा मोजून शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी केसपेपरवर लिहायची. यंत्राची आकडे दाखवणारी बाजू रुग्णाकडे न करता भिंतीकडे करायची. तीन वेळा मोजण्याचे बटण असलेले यंत्र मिळाल्यावर सिस्टरही पडद्याबाहेर थांबतात. खोलीत रुग्ण एकटा असला की आकडा खाली येतो, हा अनुभव परदेशांतील मोठ्या अभ्यासांतही नोंदला गेला आहे.

१७ फेब्रुवारी

संध्याकाळी गावातील काही डॉक्टर, सिस्टर आणि आमच्या भागातील आशाताई अशी छोटी बैठक घेतली. रक्तदाबाचा पट्टा इटलीच्या शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये मांडला आणि मनःस्थितीचा मोजमापावर परिणाम होतो हे त्यांच्याही लक्षात आले होते. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची पद्धत दिली. १९४० मध्ये अमेरिकेत आयमन आणि गोल्डशाइन यांनी रुग्णांना घरीच मोजायला शिकवले, तेव्हा घरचे आकडे दवाखान्यातल्यापेक्षा बरेच कमी भरले. म्हणजे हा प्रश्न यंत्राइतकाच जुना आहे.

बैठकीचा बराचसा वेळ मिलानच्या ज्युझेप्पे मान्चिया यांच्या १९८३ मधील अभ्यासावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. त्यांनी रुग्णालयातील ४८ जणांच्या धमनीत नळी घालून रक्तदाब सलग नोंदवला आणि मग डॉक्टरांना रुग्णाच्या खाटेपाशी पाठवले. डॉक्टर आल्याबरोबर रक्तदाब चढू लागला. एक ते चार मिनिटांत त्याने शिखर गाठले आणि सरासरी वाढ वरच्या आकड्यात सुमारे २७ व खालच्या आकड्यात सुमारे १५ मिलिमीटर होती. काहींत वरचा आकडा केवळ ४ ने वाढला, तर काहींत तब्बल ७५ ने. भेट संपेपर्यंत तो पुष्कळसा खाली आला. चार वर्षांनी त्यांनीच दाखवले की परिचारिकेने मोजले तर ही वाढ साधारण निम्मीच राहते.

या अभ्यासातील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे नाडीची वाढ आणि रक्तदाबाची वाढ यांचा परस्परसंबंध अगदी क्षीण होता. त्यामुळे ‘नाडी शांत आहे, म्हणजे हा घाबरलेला नाही’ असा तर्क चालत नाही. दुसरी म्हणजे तेच डॉक्टर पुन्हा आले तरी सुरुवातीची वाढ सरासरीने तेवढीच राहिली. गावात आपण ओळखीचे आहोत, लोक आपल्याला घरचे समजतात, म्हणून आपल्यासमोर त्यांचा रक्तदाब वाढणार नाही, असे मानणाऱ्या आम्हा सर्वांसाठी हे महत्त्वाचे आहे. शरीराची ही सावधगिरीची प्रतिक्रिया आहे. मेंदू प्रसंगाला धोका मानतो, अनुकंपी मज्जासंस्था जागी होते, अॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात येतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. माणसाला आपण घाबरलो आहोत हे जाणवलेच पाहिजे असे नाही.

एका आशाताईंनी विचारले, “मग आम्ही ‘घाबरू नका’ म्हणतो त्याचा काही उपयोग होतो का?” ज्याच्या मनात भीती नव्हती त्याच्याही मनात ती या वाक्याने येते, असे माझे निरीक्षण आहे. आम्ही हे वाक्य बंद करून ‘पाठ टेकून बसा, पाय पाटावर ठेवा, आता बोलायचं नाही’ एवढ्याच सूचना द्यायचे ठरवले.

२४ फेब्रुवारी

उसनी देण्यासाठी दंडावरची डिजिटल यंत्रे आली. मनगटावरची यंत्रे मुद्दाम घेतली नाहीत. हात थोडा खालीवर झाला तरी त्यांचा आकडा बदलतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणाऱ्या ॲपवर तर मुळीच विसंबायचे नाही, हे माहितीपत्रकात ठळक छापले आहे, कारण तरुण रुग्ण तेच दाखवतात.

घरच्या मोजणीचा नियम असा : सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळची मोजणी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्या चोवीस आकड्यांची सरासरी काढायची. ती १३५/८५ च्या खाली असेल तर घरचा रक्तदाब सामान्य. घरच्या मोजणीची सीमा दवाखान्यापेक्षा ५ ने कमी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि १३८ पाहून ते निश्चिंत होतात.

चोवीस तासांचे यंत्र दंडाला बांधून दर वीस-तीस मिनिटांनी मोजणे ही याहून चांगली पद्धत आहे, कारण तीत झोपेतला रक्तदाबही कळतो. ती सोय आमच्या गावात नाही. साताऱ्याला जावे लागते आणि खर्चही परवडत नाही. ज्यांची घरची सरासरी सीमारेषेवर असेल त्यांनाच तेथे पाठवायचे ठरले.

१० मार्च

एका निवृत्त शिक्षिकांची घरची वही आज पाहिली. त्यांची परवानगी घेऊन येथे लिहीत आहे. नव्या खुर्चीवर, सर्व नियम पाळूनही, दवाखान्यात त्यांचा रक्तदाब १६४/९२ होता. मागे दुसऱ्या ठिकाणी तपासल्यावर त्यांना दोन गोळ्या एकदम सुचवण्यात आल्या होत्या आणि त्या त्यांनी घेतल्या नव्हत्या.

वही रेघा आखून, शाईच्या पेनाने भरलेली आहे. सोमवारी सकाळी ६.४० : १४८/८८, १४४/८६. पहिला दिवस म्हणून हे आकडे वगळले. मंगळवारी संध्याकाळी १३०/८०, १२८/८०. बुधवारी सकाळी १२६/७८, १२२/७६. शुक्रवारच्या रकान्यात १३८/८४ आहे आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिले आहे : ‘सून माहेरून यायला उशीर, फोन लागत नव्हता.’ त्याच दिवशी रात्री १२४/७८. सहा दिवसांची सरासरी १२७/७९ आली. यंत्राच्या स्मृतीतले आकडे वहीशी ताडून पाहिले; एकही आकडा वगळलेला किंवा गोल केलेला नव्हता.

शुक्रवारची ती टीप मला या प्रकल्पात आतापर्यंत मिळालेली सर्वांत बोलकी नोंद वाटते. त्यांचा रक्तदाब चिंतेने घरीही वाढतो आणि चिंता सरली की खाली येतो. दवाखान्यात तो खाली यायला आम्ही वेळच देत नव्हतो.

लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठीची रक्ततपासणी), साखर, चरबी आणि इसीजी करून घेतले, सर्व ठीक. गोळी सुरू केली नाही. मीठ, चालणे आणि वजन यांबद्दल सविस्तर बोललो. सहा महिन्यांनी पुन्हा सात दिवसांची मोजणी.

२० मार्च

साखर कारखान्यात पाळीवर काम करणारे चाळिशीचे एक गृहस्थ पायाच्या जखमेसाठी आले होते. दवाखान्यात रक्तदाब १२८/८२. एरवी विषय तेथेच संपला असता, परंतु वडील पक्षाघाताने गेले, तंबाखू दिवसभर तोंडात, गळीत हंगामात रात्रपाळी आणि अपुरी झोप, हे ऐकून त्यांनाही यंत्र दिले. आठवड्याची सरासरी १४६/९४ आली.

ही नेमकी उलटी अवस्था आहे. दवाखान्यात तंबाखू थुंकून माणूस तासभर बाकावर बसतो, कामाचा ताण बाहेर राहतो आणि आकडा सुधारतो. बाहेर मात्र तो दिवसरात्र चढलेला असतो. यालाच मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात आणि हृदयाला व मेंदूला असलेला त्याचा धोका कायमच्या उच्च रक्तदाबाच्या जवळपास जातो. ‘मला काहीच त्रास नाही’ असे ते पुन:पुन्हा सांगत राहिले. इसीजीवर हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याच्या खुणा होत्या. त्यांना उपचार सुरू केले. घरच्या यंत्रामुळे काहींची गोळी टळते आणि काहींची सुरू होते; या प्रकल्पाला दोन्ही तितकेच महत्त्वाचे आहे.

११ एप्रिल

पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण वडिलांबरोबर आला. एका वैद्यकीय तपासणीत त्याचा रक्तदाब १५८/८४ भरला, नाडी ११०, आणि त्याला फेरतपासणीची तारीख मिळाली. तेव्हापासून त्याची झोप उडाली आहे. रोज सकाळी धावणारा हा मुलगा. त्याच्या जिवाला आता आकड्याचाच घोर लागला आहे. वडिलांनी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक तपासणीच्या सकाळी मुलाला द्यावी का, असे विचारले.

हा प्रश्न अनेक घरांत विचारला जात असणार, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो. वडील घेत होते ती ॲम्लोडिपिन शरीरात हळू काम करते. रक्तातील तिची पातळी स्थिर व्हायला आठवडाभर लागतो, त्यामुळे सकाळी घेतलेल्या एका गोळीने दुपारची तपासणी सुधारेल ही आशा फोल आहे. नाडी मंदावणाऱ्या गोळ्या त्याहून धोकादायक, विशेषतः ज्याला दमा असेल आणि ज्याला त्याच दिवशी धावायचे असेल त्याच्यासाठी. शिवाय खरोखरच उच्च रक्तदाब असेल तर तो या वयात का आहे याचा शोध घ्यायला हवा : मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइड, मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद असणे. गोळीने तो शोध झाकला जातो.

घरची सरासरी ११८/७२ आली आणि तपासण्या सामान्य निघाल्या. घरच्या मोजणीची वही, दोन्ही हातांचे आकडे, नाडी आणि तपासण्या यांसह सविस्तर पत्र लिहून दिले व पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजावे अशी विनंती केली. भरतीच्या तपासण्यांत शेकडो मुले एका रांगेत उभी असतात; तेथे एक खुर्ची आणि पाच मिनिटे मिळाली तर कितीतरी घरांचा मनस्ताप वाचेल, असे मला मनापासून वाटते.

१७ मे

आज जागतिक उच्च रक्तदाब दिन म्हणून गावात शिबिर घ्यावे असा प्रस्ताव होता. मंडपात, उन्हात, रांगेत उभे राहून मोजलेले आकडे कोणाच्याच कामाचे नाहीत, म्हणून शिबिराऐवजी आशाताईंनी ठरावीक घरी जाऊन सकाळच्या वेळी मोजणी केली. संशयित रुग्ण दवाखान्यात आले तेव्हा घरी आणि दवाखान्यात झालेली दोन्ही मोजमापे आमच्यासमोर होती.

९ जून

पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा. तीन प्रकारच्या गोळ्या चालू, तरीही प्रत्येक भेटीत १७० च्या आसपास, आणि प्रत्येक भेटीत कोणीतरी मात्रा वाढवलेली. त्यांची तक्रार वेगळीच होती : “बसल्यावर बरं वाटतं डॉक्टर, उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती.” गेल्या महिन्यात ते गोठ्यात पडले होते.

खुर्चीवर मोजले तेव्हा १६८/७८. उभे करून तीन मिनिटांनी मोजले तेव्हा १३६/७०. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ते गंभीर मानतात. येथे तो ३२ ने उतरला होता. नातीने आठवडाभर घरी मोजले. सरासरी ११४/६४. म्हणजे उभे राहिल्यावर घरी त्यांचा रक्तदाब किती उतरत असेल याची कल्पना करता येते. दवाखान्यातला वाढलेला आकडा पाहून दिलेल्या गोळ्या त्यांच्या घरच्या रक्तदाबावर काम करत होत्या. या वयात पडून खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे खेड्यात काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करायला घेतल्या; एक बंद केली, दुसरीची मात्रा निम्मी केली, घरची मोजणी चालू ठेवली. येथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो : असे बदल रुग्णाने स्वतःहून करायचे नाहीत. काही गोळ्या अचानक बंद केल्या तर रक्तदाब उसळी घेतो.

१४ जुलै

गरोदर स्त्रियांबद्दलचा नियम आज पुन्हा तपासला, कारण उपकेंद्रातून एक बाई ‘फक्त घाबरल्यामुळे वाढला असेल’ असे ऐकून आल्या होत्या. सातवा महिना, १४६/९२. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजला तरी १४२/९०. लघवीतील प्रथिने तपासली आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. गरोदरपणात दवाखान्यातच रक्तदाब वाढणाऱ्या स्त्रियांमध्येही पुढे खरोखरचा गर्भारपणातील उच्च रक्तदाब होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. ‘धास्तीने वाढला’ हे कारण येथे कोणीही सांगायचे नाही, असे आशाताईंना स्पष्ट सांगितले.

१ सप्टेंबर

सहा महिने झालेल्या रुग्णांची फेरमोजणी सुरू झाली आणि तिच्याबरोबर एक अवघड प्रश्नही आला. ज्यांचा रक्तदाब केवळ दवाखान्यातच वाढतो ते पूर्ण सुरक्षित आहेत का?

न्यूयॉर्कच्या थॉमस पिकरिंग यांनी १९८८ मध्ये सीमारेषेवरचा उच्च रक्तदाब असलेल्या, उपचार न घेणाऱ्या २९२ रुग्णांपैकी २१ टक्क्यांचा दिवसभराचा रक्तदाब सामान्य असल्याचे दाखवले, तेव्हा या लोकांना काहीच करायला नको असा सूर होता. पुढच्या संशोधनाने तो बदलला. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात, उपचार न घेणाऱ्या अशा रुग्णांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सामान्य रक्तदाब असलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक आढळला; गोळ्या चालू असलेल्या आणि तरीही केवळ दवाखान्यात आकडा वाढणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. इटलीतील मोंझा येथील दीर्घ अभ्यासात यांपैकी पुष्कळांना काही वर्षांनी कायमचा उच्च रक्तदाब झाल्याचे दिसले.

म्हणून रुग्णांना सांगायचे वाक्य आम्ही बदलले आहे. ‘तुम्हाला काही नाही’ असे म्हणायचे नाही. ‘आज गोळीची गरज नाही, पण तुमची नोंद आमच्याकडे राहील आणि दरवर्षी घरी मोजणी करायची आहे’ असे म्हणायचे. लोणचे, पापड आणि खारवलेल्या मिरच्या यांतले मीठ, मिसरी आणि तंबाखू, पोटाचा घेर, झोपेतले घोरणे हे सगळे या लोकांशी जास्त वेळ देऊन बोलायचे विषय आहेत. हे बोलणे गोळी लिहिण्यापेक्षा वेळखाऊ आहे, आणि तो वेळ द्यायला हवा.

६ ऑक्टोबर

काही रुग्ण घरचे यंत्र परत द्यायला तयार नसतात, कारण दिवसातून पंधरा-वीस वेळा मोजण्याची सवय लागलेली असते. आकडा जास्त आला की भीती, भीतीने पुढचा आकडा आणखी जास्त. अशांसाठी मोजणीचे वेळापत्रकच औषध आहे : ठरलेले सात दिवस संपले की यंत्र कपाटात. एका ताईंच्या बाबतीत यंत्र शेजारणीकडे ठेवायची व्यवस्था केली आणि सरासरी लगेच खाली आली. संथ श्वासाचा सराव रोज करायला सांगतो. परंतु मोजण्याच्या क्षणी मुद्दाम खोल श्वास घेऊन आकडा उतरवायचा नाही, कारण मग रोजचा रक्तदाब कळत नाही.

१ डिसेंबर

थंडी सुरू झाली. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब उन्हाळ्यापेक्षा काही मिलिमीटरने वाढतो. उन्हाळ्यात १३० ची सरासरी असलेला माणूस जानेवारीत सीमारेषा ओलांडू शकतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत ज्यांची घरची मोजणी सामान्य आली त्यांचे पान बंद करण्याआधी थंडीतली एक मोजणी घ्यायचे ठरवले आहे. त्यांची यादी सिस्टरांनी गावनिहाय लावली असून यंत्रे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आशाताईंमार्फत जातील.

उसनी देण्याची सर्व यंत्रे पाऱ्याच्या यंत्राशी ताडून पाहिली. एक यंत्र सातत्याने ८ मिलिमीटर जास्त दाखवत होते. ते बाजूला काढले आणि ज्यांच्याकडे ते ऑगस्टनंतर गेले होते त्यांची मोजणी पुन्हा घ्यायची आहे. शेजारच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी खुर्ची, पाट आणि पडद्याची व्यवस्था पाहून मापे लिहून नेली. त्यांच्याकडे जागा व्हरांड्यातच आहे, म्हणून पडद्याची दांडी भिंतीत बसवायची की लोखंडी स्टँड घ्यायचा हे पुढच्या भेटीत जागेवर पाहून ठरवू.